ताबाग्रहण विधी : विशेष संदर्भ स्पोर्ट्स कार

नव्या मोटारीचा ताबा घेण्यापूर्वी तिची जी तपासणी करावयाची असते, तिला मोटारविक्रीच्या व्यवसायात ‘पीडीआय’ म्हणजे प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन असे म्हणतात, आणि या एका संज्ञेखाली दोन अगदी भिन्न क्रिया मोडतात : पहिली, विक्रेत्याच्या वर्कशॉपने कारखान्यातून आलेली गाडी पाहून, पुसून, चालती करून सिद्ध करणे, आणि दुसरी, खरेदीदाराने तीच गाडी संशयी नजरेने न्याहाळणे. पहिल्या क्रियेचा पुरावा म्हणून विक्रेत्याकडे एक छापील तक्ता असतो, ज्याच्या सर्व रकान्यांत एकाच पेनाने, एकाच बैठकीत आणि गाडी दुसरीकडे उभी असताना केल्यासारख्या बरोबरच्या खुणा आढळतात. दुसऱ्या क्रियेचा पुरावा सहसा आढळत नाही, कारण ती सहसा घडत नाही. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या क्रियेपुरते, आणि तेही स्पोर्ट्स कारपुरते, मर्यादित आहे.

स्पोर्ट्स कार म्हणजे काय, हे प्रथम निश्चित करणे अवघड आहे, कारण कायद्याला हा प्रकार ठाऊकच नाही. ताशी तीनशे किलोमीटर धावू शकणारी दोन आसनांची इटालियन गाडी आणि शेजारच्या जोशीकाकूंची भाजी आणण्याची हॅचबॅक या दोन्हींची आरटीओच्या दप्तरी ‘मोटार कार’ अशी एकच नोंद होते व दोघींचा वर्गही हलक्या मोटार वाहनाचाच असतो. त्यामुळे व्यवहारातील व्याख्येवरच भागवावे लागते : जी गाडी उंचीला कमी, आसनांना कमी आणि किमतीला जास्त असते, जिच्यात शिरताना वाकावे लागते आणि जिच्यातून बाहेर पडताना कुणाला तरी हाक मारावी लागते, ती स्पोर्ट्स कार. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेलेली आणि आजतागायत इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बाळगणारी पोर्शे ९११ ही या वर्गाची नमुना गाडी मानता येईल, आणि पुढील विवेचनात तिचा उल्लेख वारंवार येईल.

महाराष्ट्रात गाडीचा ताबा साडेतीन मुहूर्तांपैकी एखाद्यावर, म्हणजे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे तीन पूर्ण व बलिप्रतिपदेचा अर्धा मुहूर्त यांपैकी एकावर घेण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी शोरूममध्ये एका हाराचे निर्माल्य उचलण्याआधी दुसरा हार येऊन थांबलेला असतो. लाल साटिनचे आच्छादन ओढण्याचा मान कुणाचा यावर दोन पिढ्यांत कुजबुज चाललेली असते. पुठ्ठ्याची हातभर किल्ली प्रत्येकाच्या हाती फोटोपुरती येते आणि पुढच्या कुटुंबाकडे जाते. आणि विक्रेत्याने मागवलेल्या केकवर खरेदीदाराच्या आडनावातील एक अक्षर चुकलेले असते. या वातावरणात गाडी पाहता येते, तपासता येत नाही. खरे तर त्या दिवशी शोरूममध्ये काटेकोरपणे तपासला जातो तो खरेदीदारच : त्याचे पॅन कार्ड, आधार, पत्त्याचा पुरावा, बँकेचे पत्र, रक्कम जमा झाल्याचा संदेश, इतकेच नव्हे तर दहा लाखांवरील गाडीवर किमतीच्या एक टक्का दराने विक्रेत्याने गोळा करावयाचा आयकरसुद्धा. या सर्व कसोट्यांना खरेदीदार उतरला की त्याला गाडी मिळते. गाडीला मात्र एकाही कसोटीला सामोरे जावे लागत नाही.

यावर उपाय पंचांगातच आहे. पितृपक्षाच्या पंधरवड्यात कुणी नव्या वस्तूला हात लावत नाही, त्यामुळे शोरूममधील सल्लागार, वर्कशॉपमधील सुपरवायझर आणि यार्डातील राखणदार हे तिघेही मोकळे, आणि बोलक्या मनःस्थितीत, असतात. या काळात गाडी घेणे निषिद्ध मानले असले तरी गाडीच्या पोटाखाली टॉर्च मारून बघणे निषिद्ध असल्याचे कुणी म्हटलेले नाही. सर्वपित्री अमावस्येच्या आत तपासणी, नवरात्रात बिल, विमा व नोंदणी आणि दसऱ्याला पुठ्ठ्याची किल्ली, असा क्रम लावल्यास श्रद्धा आणि संशय या दोघांचाही मान राहतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण नोंदणी खरेदीदाराच्या नावावर झाली की गाडी त्याची होते, आणि अशी गाडी परत घेतली तर ती विक्रेत्याच्या लेखी जुनी गाडी ठरते. त्यामुळे नोंदणीपूर्वी दाखवलेला ओरखडा हा विक्रेत्याचा असतो, तर नोंदणीनंतर दाखवलेला तोच ओरखडा ‘सर, हा घरी नेल्यावर पडला असेल’ या वर्गात जातो. गाडी यार्डात, दिवसाउजेडी आणि शक्य तर न धुतलेली पाहावी, असा आग्रहही याच कारणाने धरावा. शोरूमचे दिवे गाडी विकण्यासाठी लावलेले असतात, आणि धुळीने भरलेल्या गाडीवरून घाईत फिरवलेल्या कोरड्या फडक्याने रंगावर जे बारीक गोलाकार चरे पडतात, ते पुढे प्रत्येक उन्हात मालकाला आणि फक्त मालकालाच दिसत राहतात.

तपासणीचा आरंभ गाडीपासून नव्हे, क्रमांकापासून करावा. प्रत्येक गाडीला सतरा अक्षरांकांचा एक ओळखक्रमांक असतो, ज्याला बोलीत चॅसी नंबर म्हणतात. त्यात एक व शून्य या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही तीन रोमन अक्षरे कधीच वापरली जात नाहीत, आणि त्याचे पहिले अक्षर गाडीचे मूळ सांगते : भारताचे एम, जर्मनीचे डब्ल्यू, इटलीचे झेड, जपानचे जे. हा क्रमांक गाडीवरील पट्टीवर आणि, कागद हाती येतील तसतसा, बिलावर, विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१ वर, गाडी नियमांनुसार बनल्याबद्दलच्या निर्मात्याच्या दाखल्यावर म्हणजे नमुना २२ वर आणि विम्याच्या कागदावर एकच असावयास हवा. सतरा अक्षरे पाच ठिकाणी जुळवणे हे काम प्रेमात पडलेल्या माणसाकडून होत नाही, म्हणून ते घरातील निवृत्त बँक कर्मचाऱ्याकडे सोपवावे. अशी व्यक्ती बहुतेक मराठी घरांत एक तरी असते, आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणून ती या कामात जो आनंद घेते, तो गाडीच्या मालकालाही गाडीपासून मिळत नाही. त्याच पट्टीवर किंवा कागदांवर गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही सापडते, आणि डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत ‘नवी’ म्हणून समोर आली तर सवलतीची बोलणी करण्यास हीच वेळ योग्य असते.

टायरांच्या बाबतीत लोकपरंपरा लाथ मारण्याची आहे. सोबत आलेले काका प्रथम टायरला लाथ मारतात, मग दार जोराने आपटून ‘पत्रा चांगला आहे’ असे प्रमाणपत्र देतात. यांतील पहिल्या चाचणीतून केवळ चपलेची गुणवत्ता कळते आणि दुसरीतून दाराची. वास्तविक टायरच्या कडेवर पुष्कळ माहिती कोरलेली असते, फक्त ती वाचण्यासाठी उकिडवे बसावे लागते. त्यावरील चार अंकी तारखेत पहिले दोन अंक आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे ३५२४ याचा अर्थ २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. आकाराच्या पुढचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते : व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००, आणि वाय हे अक्षर कंसात असेल तर तीनशेच्याही वर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी १०० आणि समृद्धी महामार्गावर १२० किलोमीटर आहे, आणि पुण्याच्या कर्वे रस्त्यावर सायंकाळी जो वेग मिळतो त्यासाठी वर्णमालेत अद्याप अक्षर योजलेले नाही. तरीही कंसातील वाय पाहिल्याशिवाय खरेदीदाराचे समाधान होत नाही.

चाकांच्या वर, स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत, जहाजावर किंवा ट्रकवर गाडी हिंदकळू नये म्हणून काही कंपन्या ठोकळे बसवून पाठवतात. त्यांना ट्रान्सपोर्ट ब्लॉक म्हणतात, आणि ते काढणे हे विक्रेत्याच्या वर्कशॉपचे काम असते. ते राहून गेले तर गाडीची स्प्रिंग दबत नाही व प्रत्येक खड्डा थेट मणक्यापर्यंत पोहोचतो. युरोपातील मालकाच्या हे ताबडतोब ध्यानात येते. पुण्यातील मालकाच्या ते येणे दुरापास्त आहे, कारण ठोकळे काढल्यावरही खड्डा मणक्यापर्यंत पोहोचतोच, आणि ‘स्पोर्ट्स सस्पेन्शन आहे, सर, असंच येतं’ हे उत्तर दोन्ही स्थितींत सारखेच लागू पडते. तेव्हा अनुभूतीवर विसंबून न राहता टॉर्च घेऊन स्प्रिंगांकडे पाहणे हाच एक मार्ग उरतो. त्याच वेळी टायरांतील हवाही तपासून घ्यावी, कारण प्रवासात टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून ती मुद्दाम जास्त भरलेली असते. डिक्कीत स्टेपनी शोधू नये. बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये ती नसते, तिच्या जागी पंक्चर बुजवणारा द्रव आणि छोटा पंप असतो, आणि टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व हे साहित्य दिले असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, अशी तरतूद आपल्याकडील नियमांतही ऑक्टोबर २०२० पासून आहे. ही तरतूद ऐकल्यावर काकांचा चेहरा पडतो. स्टेपनीशिवायची गाडी त्यांच्या मते अपुरी असते, आणि या एका मुद्द्यावर त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, कारण टायरची कडच फाटली तर तो द्रव काहीही बुजवू शकत नाही.

रंगाच्या परीक्षेसाठी अलीकडे जाडीमापक मिळतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि कारखान्यातून आलेल्या रंगाची जाडी साधारणतः १०० ते १८० मायक्रॉनच्या आसपास असते; एखाद्या पत्र्यावर हा आकडा एकदम दुपटीला गेला तर वाटेत लागलेला पोचा काढून तो भाग पुन्हा रंगवला असल्याचा संशय घेण्यास जागा असते. मात्र हे यंत्र लोखंडावर चुंबकाच्या आणि ॲल्युमिनियमवर आवर्त प्रवाहांच्या तत्त्वावर चालते, त्यामुळे प्लास्टिकच्या बंपरवर आणि कार्बन फायबरच्या छतावर ते मौन पाळते. स्पोर्ट्स कार जितकी महाग, तितके तिच्यात धातूचे प्रमाण घटत जाते, आणि परिणामी जितके पैसे जास्त मोजले तितके यंत्राला कमी मोजता येते. तिथे डोळे, बोट आणि तिरका प्रकाश हीच साधने उरतात : दोन पत्र्यांमधील फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, दिव्यांच्या काचेच्या आत पाण्याची वाफ धरली आहे का, रबराच्या कडेवर रंगाची रेघ उमटली आहे का. यांतील काहीही दाखवले की प्रथम ‘हे नॉर्मल आहे, सर’ असे उत्तर येते, आणि तेच दोष शेजारच्या गाडीत नाहीत हे दाखवले की ‘ती दुसऱ्या लॉटची आहे’ असे.

रंगाचा विचार पूजेशिवाय पूर्ण होत नाही. इतक्या काळजीने मायक्रॉनपर्यंत मोजलेल्या रंगावर ताब्याच्या दिवशी ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढले जाते, तारेत ओवलेला झेंडूचा हार बोनेटवर ओढला जातो आणि चार टायरांखाली चार लिंबे ठेवली जातात. पारंपरिक कुंकू हळद व चुना यांपासून बनत असल्याने ते अल्कधर्मी, तर लिंबू आम्लधर्मी, म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने विधी समतोल आहे. अडचण एवढीच की अल्क रंगावर राहते, आम्ल रस्त्यावर सांडते, आणि दोघांची भेट होत नाही. स्वस्तिक थेट रंगावर नव्हे तर आधी चिकटवलेल्या पारदर्शक फिल्मवर काढणे, आणि हारातील तार काढून दोरा घालणे, एवढ्या दोन दुरुस्त्यांना कोणत्याही गुरुजींनी हरकत घेण्याचे कारण नाही.

खरा शास्त्रीय पेच निराळाच आहे. पूजा बोनेटवर होते ती आत इंजिन आहे या गृहीतकावर, आणि ९११ मध्ये पुढच्या झाकणाखाली सामान ठेवण्याचा खळगा असतो. तेव्हा स्वस्तिक पुढे काढावे तर पूजा सुटकेसची होते, आणि मागे काढावे तर गाडीकडे पाठ फिरवून नमस्कार करण्याचा प्रसंग येतो, कारण फोटो काढणारा पुढे उभा असतो. या प्रश्नाला पूर्वदाखला नाही असे मात्र नव्हे. २००९ साली बाजारात आलेल्या टाटा नॅनोचे ६२४ सीसीचे इंजिनही मागेच होते, आणि आजच्या ऑटोरिक्षाचेही मागेच असते. त्या वेळी स्वस्तिक पुढेच काढले गेले, नारळ पुढच्या चाकाजवळच फुटला, आणि इंजिनाने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा किमतीतील तफावत बाजूला ठेवली तर ९११ ला नॅनोचाच न्याय लावण्यास प्रत्यवाय नसावा. नारळ मात्र गाडीपासून हातभर दूर फोडावा, कारण करवंटीचा तुकडा ज्या बंपरवर आदळतो, त्या बंपरची किंमत ऐकून पुढील प्रसाद घशाखाली उतरत नाही.

यानंतर येतो तो उंचीचा विषय, आणि तो खरे तर बुकिंगपूर्वीच अभ्यासावयास हवा होता. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा, जेणेकरून ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येईल. असा गतिरोधक स्पोर्ट्स कारलाही ओलांडता येतो. परंतु रहिवाशांनी निवेदन दिल्यावर एका रात्रीत उगवणारा जो गतिरोधक प्रत्यक्षात भेटतो, त्याला रुंदी नसते, फक्त उंची असते, आणि त्यावर कमी उंचीच्या गाडीचे पोट घासून जो आवाज होतो तो मालकाला आयुष्यभर ओळखता येतो. यासाठी अनेक गाड्यांत पुढचा भाग उचलण्याची सोय वेगळे पैसे घेऊन दिली जाते; ९११ मध्ये ती नाकाला सुमारे ४० मिलिमीटर वर उचलते, आणि अलीकडच्या गाड्या नाक उचलण्याची जागा जीपीएसच्या आधारे स्मरणात ठेवून पुढच्या वेळी आपण होऊन उचलतात. पोर्शेच्या गावी, श्टुटगार्टमध्ये, या स्मरणात एखादा गॅरेजचा चढ नोंदवला जात असेल. कोथरूड ते हिंजवडी या एका प्रवासात गाडीला नाक खाली आणण्यास फुरसत मिळेल की नाही, याची शंका आहे. ताबा घेताना ही सोय तीन-चार वेळा वरखाली करून पाहावीच, आणि सोबत आलेल्या आजींना एकदा आसनावर बसवून उठवूनही पाहावे, कारण गाडी कितीही वेगवान असली तरी तिचा प्रवास अखेर आजींना बाहेर काढेपर्यंत संपत नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू करून घ्यावे, आणि त्याआधी झाकणावर हात ठेवून ते खरोखर थंड आहे याची खात्री करावी. यार्डातून शोरूमपर्यंतचे अंतर सर्व जण एकाच वेगाने कापत नाहीत. मीटरवर दिसणारे काही किलोमीटर जहाजावर चढण्या-उतरण्यात गेलेले असू शकतात, पण इंजिनाची फेऱ्यांची मर्यादा किती वेळा ओलांडली गेली याची नोंद काही कंपन्यांच्या गाड्यांत नियंत्रक संगणक ठेवतो, पोर्शेच्या गाड्यांत ती वर्कशॉपमध्ये काढून दाखवता येते, आणि ती मागितल्याबरोबर गाडी आणणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते संगणकापेक्षा जास्त विश्वसनीय असते. पेट्रोलचा काटा तळाला असतो, तो बिघाड समजू नये. कोटीच्या गाडीत पाच लिटर पेट्रोल घालून पाठवण्याची रीत या व्यवसायात आहे. म्हणून पहिला थांबा पंपाचाच असतो, आणि त्यासाठी झाकणाच्या आत किती ऑक्टेनचे, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची किती क्षमता असलेले, पेट्रोल सांगितले आहे हे शोरूममध्येच वाचून घ्यावे. १०० ऑक्टेनचे पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये मुंबई-पुण्यासह काही शहरांत आणले, पण ते प्रत्येक पंपावर मिळत नाही, आणि जिथे मिळते तिथेही आधी भोवती जमलेल्यांच्या ‘मायलेज किती देते?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

सरतेशेवटी सहीचा क्षण येतो. ‘गाडी सुस्थितीत, सर्व साहित्यासह मिळाली’ या आशयाचा कागद बहुधा आच्छादन ओढण्याच्या आधीच पुढे केला जातो, आणि त्याच्या मागोमाग सल्लागार खालच्या आवाजात अशी विनंती करतो की कंपनीकडून फोन येईल तेव्हा दहापैकी दहाच गुण द्यावेत, कारण नऊ दिले तरी त्याची पगारवाढ अडते. मराठी माणूस यंत्राशी कठोर होऊ शकतो, पण समोर उभ्या असलेल्या तरुणाच्या पगारवाढीशी नाही. दोन किल्ल्या मिळाल्या की नाही, धोक्याचा त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी कुठे आहे, उभ्या गाडीची बॅटरी भारित ठेवणारा चार्जर दिला की ‘नंतर कुरिअर करतो’ म्हणाले, हे सारे प्रश्न तिथेच विरतात. तरीही सही करण्यापूर्वी एक वस्तू हाती घेऊन पाहावीच : पुढच्या बंपरमागील छिद्रात फिरवून बसवण्याचा टो-हुक. अनेक जर्मन गाड्यांत त्याचे आटे डावे, म्हणजे उलटे, असतात, आणि हे मालकाला ठाऊक नसेल तर सोसायटीच्या चढावर अडकलेली गाडी ओढून काढायला आलेला टोइंगवाला तो हुक सुलट फिरवत राहतो, वॉचमन सल्ला देतो, काका स्टेपनीचा विषय पुन्हा काढतात, आणि नेमक्या त्याच वेळी गुण विचारणारा फोन येतो.